लीलावतींतील व्यापारगणित व पाटणचा शिलालेख

१. विषयप्रवेश

भास्कराचार्यांचें नांव निघालें म्हणजे अभ्यासकांच्या डोळ्यांपुढें ग्रहगणित व गोलाध्याय उभे राहतात; आणि लीलावतीचें नांव निघालें म्हणजे कदंबावर गेलेले भुंगे, सरोवरांतील हंस आणि सर्पावर झडप घालणारा मोर हीं कोडीं सर्वांस आठवतात. ह्याच ग्रंथाचा बराच मोठा भाग मात्र बाजारांत घडतो. केशर, तांदूळ, मूग, आंबे, डाळिंबें, इमारती लांकूड व सोनें ह्यांची खरेदी-विक्री, व्याजबट्टा, भागीदारी, गाड्यांचें भाडें, हे त्या भागाचे विषय आहेत. ह्या व्यापारगणिताकडे इतिहासाचें साधन ह्या दृष्टीनें पाहणारे लेखक दोन प्रकारचे आढळतात. कित्येक ह्या उदाहरणांतील आंकडे जसेच्या तसे उचलून बाराव्या शतकांतील भाव व व्याजाचे दर ह्यांची यादी करितात. दुसरे कित्येक हीं सर्व उदाहरणें पंतोजींच्या कल्पनेंतील आहेत, सबब इतिहासास निरुपयोगी आहेत, असें म्हणून तीं बाजूस सारतात.

आमच्या मतें हे दोन्ही पक्ष टिकत नाहींत. ग्रंथांतील आंकडे बाजारभाव सांगत नाहींत. परंतु गणिताचे प्रकार, मापांचीं नांवें आणि दर सांगण्याची पद्धति हीं मात्र खऱ्या व्यवहारांतून आलेलीं आहेत. हें दाखविण्यास लीलावतीच्या शेजारीं ठेवण्याजोगा एक समकालीन लेख सुदैवानें उपलब्ध आहे. तो म्हणजे चाळीसगांव तालुक्यांतील पाटण येथील शिलालेख. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं स्थापिलेल्या मठाचा खर्च कोणीं व कसा सोसावयाचा हें त्यांत कोरलेलें आहे. ग्रंथ आणि दगड हे दोन्ही एकत्र वाचल्यानें काय निष्पन्न होतें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. शिलालेख व मठ

पाटण हें स्थळ आजच्या जळगांव जिल्ह्यांत, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं, चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस आहे. येथील देवीच्या देवळांतील हा लेख डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं प्रथम उजेडांत आणिला व इ. स. १८६५ मध्यें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. पुढें डॉ. कीलहॉर्न ह्यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडांत त्याचें साक्षेपी वाचन दिलें. लेखाचा पूर्वभाग संस्कृत पद्यांत असून उत्तरभाग, म्हणजे देणग्यांचा तपशील, प्राचीन मराठींत आहे.

संस्कृत भागांत भास्कराचार्यांची वंशावळ आहे. शांडिल्य गोत्रांतील त्रिविक्रम. त्याचा पुत्र भास्करभट्ट, ज्यास भोजराजानें विद्यापति ही पदवी दिली. पुढें गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर. आणि महेश्वराचे पुत्र आपले भास्कराचार्य. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर ह्यास यादव राजा जैत्रपाल ह्यानें आपल्याजवळ नेऊन पंडितांचा अग्रणी केलें. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. ह्या चांगदेवानें आपल्या आजोबांच्या शास्त्राचा प्रसार व्हावा म्हणून मठ स्थापिला. सिद्धांतशिरोमणि व भास्करांचे इतर ग्रंथ, त्याचप्रमाणें त्यांच्या कुळांतील इतरांचे ग्रंथ, ह्यांचें त्या मठांत नियमानें व्याख्यान व्हावें असा संकल्प लेखांत स्पष्ट नमूद आहे. विशिष्ट आचार्यांचे गणितग्रंथ शिकविण्याकरितां काढलेल्या संस्थेची इतकी निःसंदिग्ध सनद अन्यत्र विरळाच.

देणगी देणारा सोइदेव हा यादवांचा मांडलिक, निकुंभ वंशांतील. सर्व लोकांच्या समक्ष, हातावर उदक सोडून, आपल्या गुरूनें स्थापिलेल्या मठास त्यानें ही देणगी दिली. त्याच्या मागून त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव ह्याचाही उल्लेख लेखांत येतो. हा हेमाडिदेव व चतुर्वर्गचिंतामणिकार हेमाद्रि पंडित हे निरनिराळे पुरुष होत. नामसादृश्यावरून घोटाळा होऊं नये म्हणून येथें सांगितलें.

मितीसंबंधानें एक खुलासा अवश्य आहे. लेखांत शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण शुद्ध पौर्णिमा व चंद्रग्रहण असा काल दिला आहे. आपल्या आजच्या पंचांगाच्या रीतीनें प्रभव संवत्सर शके ११२९ मध्यें पडतो, म्हणून शक व संवत्सर ह्यांत एका वर्षाचें अंतर दिसतें. संवत्सर, महिना व ग्रहण हीं तीन प्रमाणें एकत्र धरिलीं असतां ९ ऑगस्ट १२०७ हा दिवस येतो. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचिला व करणकुतूहल शके ११०५ (इ. स. ११८३) मध्यें. म्हणजे ही देणगी करणकुतूहलानंतर अवघ्या चोवीस वर्षांची आहे. आचार्यांस प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें तेव्हां हयात असण्याचा पुष्कळ संभव आहे.

३. मठाचें उत्पन्न

आतां मराठी भागाकडे वळूं. प्राचीन मराठीच्या अभ्यासकांचें लक्ष ह्या भागांतील प्रत्ययांकडे व क्रियापदांकडे गेलें, तें युक्तच आहे. परंतु त्यांतील आर्थिक आशय तितकाच मोलाचा आहे. त्या आशयाचा सारांश असा:—

पाटणच्या पेठेंत जो माल विक्रीस उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजास जो अंश मिळत असे तो मठास दिला. विकणाराकडून ब्राह्मणांस ब्रह्मोत्तर म्हणून जें मिळत असे तें ब्राह्मणांनीं मठास दिलें. गिऱ्हाइकाकडून दामाचा विसोवा नगरानें दिला. गिऱ्हाइकाकडून पांच पोफळें घ्यावयाचीं. जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागें पळीभर तेल द्यावयाचें. जें कांहीं मोजावयाचें तें मठाच्या मापानें मोजावें, आणि मापणावळीचा अर्धा भाग मठाचा व अर्धा मापाऱ्याचा.

ह्या तपशिलांत ध्यानांत घेण्याजोग्या गोष्टी तीन आहेत. पहिली, दाते तीन आहेत: राजा, ब्राह्मण व नगर. प्रत्येकानें आपापल्या हक्काचा भाग सोडला आहे. केवळ राजाज्ञेनें सर्व झालें असें नाहीं. दुसरी, बहुतेक उत्पन्न पेठेच्या उलाढालीवर अवलंबून आहे. पेठ चालली तर मठ चालेल, पेठ बसली तर मठ बसेल, अशी ही व्यवस्था आहे. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. माप मठाचें असावें हा नियम केवळ उत्पन्नासाठीं केला असें म्हणतां येत नाहीं. ज्याचें माप त्यावर पेठेचा विश्वास. गणित शिकविणाऱ्या संस्थेच्या हातीं पेठेचें प्रमाण-माप दिलें गेलें, ह्याचा अर्थ मापांची शुद्धता व गणिताची विद्या ह्यांचा संबंध त्या काळच्या लोकांस सहज वाटत होता.

४. ग्रंथांतील मानें व पेठेंतील मानें

लीलावतीचा आरंभच मानांच्या कोष्टकांनीं होतो. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. ह्या हिशेबानें द्रम्माच्या कवड्या १,२८० होतात. शिलालेखांतील दाम हा शब्द ह्या द्रम्माचेंच मराठी रूप आहे. विसोवा म्हणजे विंशोपक, अर्थात् विसावा अंश. उत्तरेकडे बिघ्याच्या विसाव्या भागास बिस्वा म्हणतात तो शब्द ह्याच घरचा.

येथें एक भेद दृष्टीस पडतो. लीलावतीच्या कोष्टकांत द्रम्माचे भाग सोळा. पेठेंतील वसुलींत दामाचे भाग वीस. विंशोपकाचें नांव लीलावतीच्या कोष्टकांत नाहीं. मग मठांत लीलावती शिकणाऱ्या विद्यार्थ्यास मठाच्याच उत्पन्नाचा हिशेब करितांना अडचण पडली असेल काय? मांडून पाहूं. द्रम्माचा विसावा अंश म्हणजे चार-पंचमांश पण. काकिणींत ३ १/५. आणि कवड्यांत बरोबर ६४. पण व काकिणी ह्यांत अपूर्णांक राहतो, कवडींत तो निःशेष जातो. सोळा व वीस ह्या दोन्ही विभागण्या ज्या एका परिमाणांत पुऱ्या बसतात तें परिमाण कवडी होय. कोष्टकाच्या तळाशीं कवडी ठेवण्याची सोय कशांत आहे, हें ह्या साध्या भागाकारावरून कळून येतें. कोष्टक म्हणजे पाठांतराचें ओझें असें विद्यार्थ्यांस वाटतें व आम्हींही शाळेंत तें ओझेंच म्हणून पाठ करून घेतलें. परंतु निरनिराळ्या रिवाजांचे हिशेब एका ठिकाणीं आणण्याचें तें साधन होतें.

५. व्याजाचें गणित

लीलावतींत व्याजाचा विषय पंचराशिकांत आरंभिला आहे व मिश्रव्यवहारांत पुरा केला आहे. पंचराशिकाचें उदाहरण असें: शंभरांवर महिन्यास पांच व्याज, तर सोळांवर वर्षाचें किती? उत्तर ९ ३/५. मिश्रव्यवहाराचें पहिलें उदाहरण: त्याच दरानें एका वर्षांत मुद्दल व व्याज मिळून एक हजार झाले, तर मुद्दल किती व व्याज किती? उत्तर ६२५ व ३७५. तिसरें उदाहरण अधिक कौशल्याचें आहे. चौऱ्याण्णव निष्कांचे तीन भाग करून ते दरमहा दरशेंकडा पांच, तीन व चार ह्या दरांनीं दिले. अनुक्रमें सात, दहा व पांच महिन्यांत तिहींचें व्याज सारखें आलें. तर भाग कोणते? उत्तर २४, २८ व ४२. आणि प्रत्येकाचें व्याज ८ २/५.

दरमहा दरशेंकडा पांच म्हणजे वर्षास साठ. हा आंकडा पाहून त्या काळच्या सावकारीविषयीं तडकाफडकी अनुमानें काढण्याचा मोह होतो. परंतु हाच पांचाचा आंकडा फार जुना आहे. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें व्याजावरील व्याजाचें सूत्र दिलें. त्यावर इ. स. ६२९ मध्यें पहिल्या भास्करानें उदाहरण दिलें तें असें: शंभरांचें एका महिन्याचें व्याज अज्ञात आहे, तें व्याज त्याच दरानें चार महिने लाविलें असतां सव्याज सहा होतात, तर मासिक व्याज किती? उत्तर पांच. पांचांवर चार महिन्यांचें व्याज एक, मिळून सहा. पहिल्या भास्करापासून आपल्या भास्करापर्यंत पांचशें वर्षांहून अधिक काळ लोटला. तेवढ्या काळांत व इतक्या अंतरावरील देशांत बाजाराचा दर एकच राहिला असें मानणें कठीण आहे. तेव्हां हा पांचाचा दर पेठेंतून आलेला नसून परंपरेंतून आलेला आहे.

ती परंपरा कोणती, ह्याचें उत्तर धर्मशास्त्रांत मिळतें. याज्ञवल्क्यानें गहाण असेल तर दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेंकडा सव्वा, व्याज सांगितलें. गहाण नसेल तर वर्णक्रमानें दोन, तीन, चार व पांच. कौटिल्यानें सव्वा हा धर्म्य दर व पांच हा व्यवहारांतील दर म्हणून सांगितला. लीलावतीच्या वरील उदाहरणांतील पांच, तीन व चार हे दर ह्या शिडीच्याच पायऱ्या आहेत. याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत, लीलावतीच्या आधीं थोडीच वर्षें, लिहिली गेली. तेव्हां भास्कराचार्यांच्या काळीं ही शिडी दक्षिणेंतील पंडितांच्या पूर्ण परिचयाची होती ह्यांत संशय नाहीं.

दुसरें असें कीं, एकदम घ्यावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये हा मनूचा नियम, ज्यास आपण दामदुपट म्हणतों, तो ह्या उदाहरणांत कोठेंही मोडत नाहीं. पांचाच्या दरानें व्याज वीस महिन्यांत मुद्दलाइतकें होतें. ह्या उदाहरणांत मुदत वर्षाच्या पलीकडे जातच नाहीं. हें बुद्धिपुरस्सर केलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण शास्त्राशीं विसंगत उदाहरण शाळेंत येऊं नये ही दृष्टि असावी असें दिसतें.

६. रस्त्याचा धोका व व्याज

ह्याच प्रकरणीं स्मृतिकारांनीं आणखी दोन दर सांगितले आहेत, ते व्यापाराच्या इतिहासास फार उपयुक्त आहेत. अरण्यांतून जाणाऱ्या व्यापाऱ्यांनीं दरमहा शेंकडा दहा व समुद्रावर जाणाऱ्यांनीं शेंकडा वीस द्यावेत. कौटिल्य व याज्ञवल्क्य दोघेही हेच आंकडे देतात. मिताक्षराकार कारण सांगतो: अधिक लाभासाठीं जेथें प्राण व धन ह्या दोहोंच्या नाशाची भीति आहे अशा ठिकाणीं हे लोक शिरतात, आणि सावकाराचें मुद्दलही बुडण्याची शंका असते. म्हणजे पांच व दहा ह्यांतील अंतर ही रस्त्याच्या धोक्याची किंमत आहे, हें आमच्या शास्त्रकारांस उघड माहीत होतें.

ह्या अंतराचा अर्थ त्रैराशिकानें काढतां येतो. शंभर-शंभरांचीं बावीस कर्जें एका महिन्याच्या मुदतीनें दिलीं असें धरूं. गांवांतील सुरक्षित व्यवहारांत पांचाच्या दरानें २,३१० परत येतील. अरण्यमार्गानें जाणाऱ्यांस तींच कर्जें दहाच्या दरानें दिलीं व त्यांतील एक मुद्दल-व्याजासुद्धां बुडालें, तर उरलेल्या एकविसांचे ११० प्रमाणें २,३१० च येतात. म्हणजे बाविसांत एक कर्ज बुडेपर्यंत सावकाराचें नुकसान नाहीं. समुद्रमार्गाचा हिशेब वीसांच्या दरानें केला असतां आठांत एक येतो: आठ कर्जांचे सुरक्षित ८४०, आणि सात कर्जांचे १२० प्रमाणें ८४०. मुदत चार महिन्यांची धरिली तर हीच प्रमाणें अनुक्रमें सातांत एक व तिहींत एक होतात. स्मृतिकारांनीं असा हिशेब मांडून दर ठरविले असें आमचें म्हणणें नाहीं. तसा पुरावा नाहीं. परंतु मुदत वाढेल तसतसें जोखमीचें भान किती वाढतें हें ह्या आंकड्यांवरून दिसतें, आणि लीलावतीकारांनीं अरण्य व समुद्र हे दर आपल्या ह्या उदाहरणांत कां घेतले नाहींत ह्याचाही तर्क करितां येतो. पाठशाळेंतील त्रैराशिक निश्चित फळाचें गणित आहे; जें फळ मिळेल कीं न मिळेल ह्याचीच शंका, त्याचें गणित त्या काळीं व्यवहारानें व धर्मशास्त्रानें केलें, गणितशास्त्रानें नाहीं.

रस्ता मात्र लीलावतींत आहे. मिश्रव्यवहारांतील एका उदाहरणांत वाटसरू दुकानदारास म्हणतो कीं, द्रम्मास साडेतीन माप तांदूळ व आठ माप मूग मिळतात. ह्या तेरा काकिणी घे व दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग लवकर दे, कारण जेवून निघावयाचें आहे आणि तांडा पुढें जाईल. उत्तरीं तांदूळ ७/१२ माप व मूग ७/२४ माप येतात. एकट्यानें मागें राहणें बरें नव्हे, तांड्याबरोबर जावें, ही त्या काळच्या प्रवासाची रीत एका वाक्यांत येथें नोंदली गेली आहे. जी भीति सावकार दहाच्या दरानें मोजीत असे, तीच भीति हा वाटसरू घाईनें मोजतो.

७. आंकडे कोठून आले?

उदाहरणांतील आंकडे बाजारभाव नव्हेत असें आम्हीं आरंभीं म्हटलें, त्याचें प्रमाण आतां देतों. तें प्रमाण बाहेरून आणण्याची गरज नाहीं. उदाहरणें उलटीं सोडवून पाहिलीं म्हणजे तें हातीं येतें.

भागीदारीचें उदाहरण घ्या. तीन व्यापाऱ्यांचें भांडवल ५१, ६८ व ८५. व्यापारांत सर्व मिळून ३०० झाले. प्रत्येकाचा वांटा ७५, १०० व १२५. हे भांडवलाचे आंकडे पाहतां वेडेवांकडे, म्हणजे खरे, वाटतात. परंतु ते अनुक्रमें सतराच्या तिप्पट, चौपट व पांचपट आहेत. तीन, चार व पांच हें प्रमाण आधीं घेतलें, तें सतरांनीं गुणून झांकलें, आणि तीनशें हा आंकडा पंचवीसांनीं गुणून मांडला. असें हें घडविलेलें उदाहरण आहे. चौऱ्याण्णव निष्कांचेंही तसेंच. दर व महिने ह्यांवरून तीन भागांचें प्रमाण १२, १४ व २१ येतें; त्यांची बेरीज ४७; तिची दुप्पट ९४.

लांकडाच्या फळ्यांचें उदाहरण ह्याहून नमुनेदार आहे. बारा अंगुळें जाड, सोळा अंगुळें रुंद व चौदा हात लांब अशा तीस फळ्यांस शंभर निष्क पडतात. प्रत्येक परिमाणांत चारांनीं कमी अशा चौदा फळ्यांस किती? उत्तर १६ २/३. पुढें, पहिल्या फळ्या एक गव्यूति नेण्यास आठ द्रम्म भाडें, तर दुसऱ्या फळ्या सहा गव्यूति नेण्यास किती? उत्तर पुन्हां आठच द्रम्म. कारण, दुसऱ्या फळ्यांचें एकंदर घनफळ पहिल्यांच्या बरोबर सहावा भाग आहे, आणि अंतर सहापट. नऊ राशि व अकरा राशि मांडून विद्यार्थी दमला म्हणजे उत्तर जेथून निघाला तेथेंच येतें. ह्यांत आचार्यांचा विनोद आहे.

तेव्हां हे आंकडे शिक्षकाचे आहेत. परंतु भाडें मालाचें आकारमान व अंतर ह्या दोहोंच्या प्रमाणांत असावें, नफा भांडवलाच्या प्रमाणांत वांटावा, व्याज मुद्दल व काळ ह्यांच्या गुणाकारानें वाढावें, हे करार शिक्षकानें कल्पिलेले नाहींत. ते पेठेंत रूढ होते म्हणूनच त्यांचें गणित शिकविणें अवश्य झालें. तसेंच आंब्यांच्या बदल्यांत डाळिंबें देण्याचें उदाहरण. द्रम्मास तीनशें आंबे व पणास तीस डाळिंबें, तर दहा आंब्यांस डाळिंबें किती? उत्तर सोळा. ही अदलाबदल आहे खरी, परंतु दोन्ही जिनसांची किंमत आधीं नाण्यांत सांगितली आहे. वस्तूस वस्तु देतांनाही मनांत नाणें होतें, असा ह्याचा अर्थ होतो. ज्या पेठेंत दामाचा विसोवा व पोफळें हीं दोन्ही एकाच वेळीं वसूल होत होतीं, त्या पाटणच्या पेठेशीं हें चित्र नीट जुळतें.

सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत बत्तीस निष्क, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती, हें व्यस्त त्रैराशिकाचें उदाहरणही ह्याच न्यायानें वाचिलें पाहिजे. त्यांतील २५ ३/५ हें उत्तर इतिहास नव्हे. मनुष्याची विक्री हा शाळेंत सहज सांगण्याजोगा व्यवहार होता, हा मात्र इतिहास आहे, आणि तो झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

८. पुढील परंपरा

पाटणचा मठ केव्हां मोडला हें दगड सांगत नाहीं. परंतु लीलावती मठाबरोबर गेली नाहीं. कोंकणांत नंदिग्राम, म्हणजे नांदगांव, येथील गणेश दैवज्ञ ह्यांनीं शके १४६७ (इ. स. १५४५) मध्यें तिच्यावर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली, सूत्रांच्या उपपत्ति देण्याबद्दल ती प्रसिद्ध आहे, आणि पुण्याच्या आनंदाश्रमानें ती १९३७ मध्यें छापिली. इ. स. १५८७ मध्यें अकबराच्या आज्ञेनें फैजीनें लीलावतीचें फारसी भाषांतर केलें. टेलरचें इंग्रजी भाषांतर मुंबईस १८१६ मध्यें निघालें व कोलब्रुकचें १८१७ मध्यें. दरमहा दरशेंकडा ही व्याज सांगण्याची रीत तर पेशवाईंतील कर्जरोख्यांत दरमहा दरसदे म्हणून तशीच चालत आलेली सर्व संग्राहकांच्या नित्य पाहण्यांत आहे. सूत्र बदललें नाहीं, दर मात्र बदलला. ग्रंथांतील पांच हे शाळेंत राहिले. रोख्यांतील आंकडा ज्या त्या घराच्या पतीप्रमाणें पडत गेला.

९. संग्राहकांस विनंति

ह्या सर्वांवरून एक साधा नियम आम्ही सुचवितों. गणिताच्या पोथींत मूळ श्लोकांतील आंकडा हा शाळेचा पुरावा. समासांत, पाठीमागच्या कोऱ्या बाजूस किंवा सुट्या पानावर कोणी लिहिलेला आंकडा हा पेठेचा पुरावा. लीलावतीच्या पोथ्या पुष्कळ आहेत आणि मूळ पाठ आतां छापून सुरक्षित आहे. त्यामुळें नवी पोथी सांपडली असतां ती सामान्य म्हणून बाजूस पडते. कित्येक वेळां तर पाठ शुद्ध असलेलीं पानें तेवढीं ठेवून, मध्यें घातलेलीं कच्च्या हिशेबाचीं पानें रद्दी म्हणून टाकून दिलीं जातात. आमच्या दृष्टीनें ज्याचें मोल अधिक तेंच ह्या रीतीनें नष्ट होतें. एखाद्या विद्यार्थ्यानें द्रम्माच्या जागीं आपल्या गांवचें नाणें घातलें असेल, खारीच्या जागीं खंडी लिहिली असेल, पांचाच्या जागीं आपल्या सावकाराचा दर घेऊन उदाहरण पुन्हां केलें असेल, तर तें अशुद्ध व कट्टाकुट्टीचें पान ग्रंथापेक्षां अधिक बोलकें आहे.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशा पोथ्या असतील त्यांस आमची विनंति अशी कीं, पोथीची नोंद करितांना लेखनकाल, लेखकाचें नांव व गांव ह्यांबरोबर समासांतील मापांचीं व नाण्यांचीं नांवें, व्याजाचे दर आणि सुट्या पानांवरील हिशेब ह्यांचीही नोंद करावी, व तीं पानें ज्या पोथींत सांपडलीं तिच्याच बरोबर बांधून ठेवावीं. पाटणच्या नगरानें आपल्या खरेदीवरील विसोवा ह्या विद्येकरितां सोडला होता. त्या पेठेचें एकही खतावणीचें पान आज आपणांपुढें नाहीं. तिच्या मागून आलेल्या पेठांचीं पानें मात्र अजून घरोघर दप्तरांत आहेत, आणि तीं राखणें आपल्या हातीं आहे.